भाऊंचं बिल

विल्यम अ‍ॅरॅमनी हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. अमेरिकेत मात्र सेवाभावी संस्थांच्या कारभाराचा विषय निघाला की ते आजही घेतलं जातं. १९७० ते १९९२ या काळात ते 'युनायटेड वे ऑफ अमेरिका'चे प्रमुख होते. कारखान्यातल्या, कचेरीतल्या माणसाच्या पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम वळती करून घ्यायची आणि गावातल्या अनाथाश्रमांना, दवाखान्यांना, वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्थांना वाटायची, अशी त्या चळवळीची रीत. डेन्व्हर शहरात १८८७ साली तिचं मूळ रुजलं. पुढे गावोगावी निरनिराळ्या नावांनी विखुरलेल्या या कामाला अ‍ॅरॅमनींनी एक नाव आणि एक चिन्ह मिळवून दिलं, राष्ट्रीय फुटबॉल लीगशी हातमिळवणी करून सामन्यांच्या प्रक्षेपणात संस्थेचं आवाहन घरोघरी पोचवलं. शिक्षणाने ते समाजकार्याचे पदवीधर होते. त्यांच्या कारकिर्दीत वर्षाच्या देणग्यांचा आकडा अब्जावधी डॉलरवर गेला. त्यांनी काहीच केलं नाही असं त्यांच्या टीकाकारांनाही म्हणता येत नव्हतं.

फेब्रुवारी १९९२मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने त्यांच्या खर्चांविषयी लिहिलं. पगार आणि इतर लाभ मिळून वर्षाला ४,६३,००० डॉलर, कॉन्कॉर्ड विमानाने प्रवास, भाड्याच्या आलिशान गाड्या, आणि संस्थेच्या पैशातून उभ्या केलेल्या उपकंपन्या. यातल्या एका कंपनीने न्यूयॉर्कमध्ये आणि फ्लोरिडात घरं घेतली होती. त्याच महिन्यात अ‍ॅरॅमनींनी पद सोडण्याचं जाहीर केलं. १९९५मध्ये न्यायालयाने त्यांना फसवणुकीच्या आणि कटाच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. एका तरुण मैत्रिणीबरोबरच्या प्रवासांचा आणि चैनीचा खर्च संस्थेच्या कामाचा म्हणून दाखवला गेला होता, हे खटल्यात पुढे आलं. संस्थेचे वित्त अधिकारीही त्यांच्याबरोबर दोषी ठरले.

मला १९९२च्या आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. कॉन्कॉर्डचं तिकीट काही एका दिवसात कोणी काढत नाही. त्याच्या आधी पहिल्या वर्गाचं तिकीट निघालेलं असतं, त्याच्या आधी एखादी महागडी मेजवानी झालेली असते, त्याच्याही आधी पावती नसलेलं टॅक्सीचं बिल मंजूर झालेलं असतं. प्रत्येक वेळी कोणीतरी ते पाहिलं, कोणीतरी नोंद केली, कोणीतरी सही केली. 'युनायटेड वे'च्या संचालक मंडळाच्या अध्यक्षपदी तेव्हा आयबीएमचे प्रमुख जॉन एकर्स होते, आणि मंडळावर मोठमोठ्या उद्योगांचे लोक होते. स्वतःच्या कंपनीत ज्यांनी विभागप्रमुखाचं हॉटेलचं बिल परत पाठवलं असतं, त्याच माणसांनी इथे विचारलं नाही. संस्थेने चौकशी नेमली ती बातमीचा सुगावा लागल्यावर, आणि तेव्हा खर्चांच्या नोंदी किती अपुऱ्या होत्या ते समोर आलं.

का विचारलं नाही? ती माणसं बेईमान होती असं मानायला काही आधार नाही. कंपनीत आपण मालकाच्या वतीने बसतो, तिथे हिशोब मागणं हे कामच असतं. सेवाभावी संस्थेच्या मंडळावर आपण पाहुण्यासारखे जातो. तिथे जो आहे तो आयुष्य वेचून बसलेला असतो, आपण तीन महिन्यांतून एकदा दोन तास येतो. त्याच्या कामाचं कौतुक करणं हेच आपलं काम आहे असं वाटायला लागतं. अशा वेळी बिलावर बोट ठेवणं हे असभ्य वाटतं. मंडळावरचं नाव जेवढं मोठं, तेवढा हा संकोच मोठा होतो, कारण मोठा माणूस सद्भावनेने आपलं नाव देतो आणि बदल्यात त्रास नको अशी त्याची रास्त अपेक्षा असते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या नियामक मंडळावर तर अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश पदसिद्ध असतात. तरीही तिथले प्रमुख लॉरेन्स स्मॉल यांना २००७मध्ये घरभाडे भत्ता आणि प्रवासखर्चाच्या वादातून पायउतार व्हावं लागलं, आणि त्या वर्षी नेमलेल्या स्वतंत्र समितीने नियामक मंडळाच्या देखरेखीवरही ठपका ठेवला. देशाचे सरन्यायाधीश ज्या मंडळावर बसतात, तिथे जर नेत्याचं बिल नीट पाहिलं जात नसेल, तर तालुक्याच्या गावातल्या कार्यकारिणीकडून ते आपोआप घडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडच्या संस्थेत नेत्याला सहसा अध्यक्ष किंवा संचालक म्हणत नाहीत. तो भाऊ असतो, ती ताई असते, क्वचित अण्णा किंवा दादा. नातं आधी येतं, पद मागून. पस्तीस वर्षांपूर्वी पक्की नोकरी सोडून डोंगराळ भागात गेलेला माणूस, त्याने उभी केलेली आश्रमशाळा, त्याच्या हाताखाली वाढून आता संस्थेतच हिशोब सांभाळणारा मुलगा. या मुलासमोर एक दिवस भाऊंचं प्रवासाचं बिल येतं. पुण्याची दोन दिवसांची बैठक, गाडीभाडं सहा दिवसांचं. मधले चार दिवस भाऊ कुठे होते हे सगळ्या संस्थेला ठाऊक आहे : पुतण्याचं लग्न होतं. या मुलाने काय करावं? त्याची फी भाऊंनी भरली होती. त्याची नेमणूक भाऊंनी केली, त्याची पगारवाढ भाऊंच्या शिफारशीने होते. तो बिल किर्दीत चढवतो. आपण त्याला दोष देऊ शकत नाही. प्रश्न विचारण्याचं ओझं संस्थेतल्या सर्वांत कमी ताकदीच्या माणसावर टाकायचं आणि तो गप्प राहिला की त्याला सामील म्हणायचं, हा अन्याय अशा जवळपास प्रत्येक प्रकरणात होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की नेत्याचं संशयास्पद बिल ही सर्वांत आधी कार्यकारिणीची परीक्षा असते, नेत्याच्या चारित्र्याची नंतर. संस्थेच्या प्रमुखाचा प्रत्येक खर्च, अगदी रिक्षाचासुद्धा, त्याच्या हाताखालच्या कोणीही मंजूर करता कामा नये. तो अध्यक्षाने किंवा खजिनदाराने, म्हणजे प्रमुखाकडून पगार वा मानधन न घेणाऱ्या माणसाने पाहिला पाहिजे, आणि तो दर महिन्याला पाहिला पाहिजे, बिल चोख असलं तरी. सुरुवातीपासून पाहण्याची पद्धत असली की पाहण्यात अपमान उरत नाही. दहा वर्षं डोळे झाकून सह्या केल्यानंतर अकराव्या वर्षी एक बिल अडवलं तर त्याला अविश्वासाशिवाय दुसरा अर्थच लावता येत नाही, आणि भाऊंचं दुखावणं मग समजण्यासारखंच असतं.

इथे त्यागाचा मुद्दा येतो, आणि तो टाळून चालणार नाही. 'त्यांनी आयुष्य दिलं, आणि तुम्ही गाडीभाड्याचं विचारता?' हे वाक्य मराठी संस्थांच्या बैठकीत ज्याने ऐकलं नाही असा कार्यकर्ता विरळा. या वाक्यात खरी कृतज्ञता असते, म्हणूनच ते इतकं परिणामकारक ठरतं. पण त्यात एक हिशोब दडलेला असतो. नेत्याने आयुष्यभर जे सोडलं, ते संस्थेच्या नावावर न फिटलेलं देणं म्हणून जमा होत राहतं, आणि मग छोट्या छोट्या सवलतींतून ते फेडलं जातं. नेत्याच्या मनातही ही खतावणी असते. वर्गमित्रांचे फ्लॅट झाले, मुलं परदेशी गेली, आपण अजून पंधरा हजारांच्या मानधनावर. तेव्हा मुलीला सोडायला संस्थेची गाडी नेली तर बिघडलं कुठे? तो चोरी करतोय असं त्याला वाटत नाही, आणि त्याच्या बाजूने विचार केला तर मलाही तसं म्हणवत नाही. पण हे फेडणं नोंदीत कुठेच नसतं, त्याला मर्यादा नसते, आणि त्याची रक्कम ठरवणारा एकटा तोच असतो. देणगीदाराने आश्रमशाळेतल्या मुलांच्या जेवणासाठी दिलेल्या पैशातून हे देणं फिटतं, हे त्या देणगीदाराला कोणी सांगितलेलं नसतं.

पुण्यात या प्रश्नावर फार मोठी माणसं फार पूर्वी झगडली आहेत. १८८४मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर संस्थेला वाहून घ्यायचं ठरवलं होतं. काही वर्षांतच प्रश्न उभा राहिला : वेतन वाढवावं का? आणि ते अपुरं आहे म्हणून बाहेरची कमाईची कामं करू द्यावीत का? टिळकांचा आग्रह कडक होता. संस्थेला वाहून घेतलेल्याचा वेळ आणि मिळकत संस्थेची. आगरकरांच्या बाजूला घर चालवण्याची खरी ओढाताण होती आणि माणसाच्या स्वातंत्र्याचा विचार होता. वाद तुटेपर्यंत ताणला गेला, आणि १८९०मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. या फुटीबद्दल आपण हळहळतो. मला मात्र तिच्यातली एक गोष्ट आज फार मोलाची वाटते. दोन्ही बाजूंनी आपलं म्हणणं बैठकीत मांडलं, ते ठरावांवर आलं आणि राजीनाम्याच्या लेखी कैफियतीत सविस्तर उतरलं. कमी वेतनाची भरपाई प्रवासखर्चाच्या बिलात चोरपावलाने करून घेण्याचा मार्ग त्यांतल्या कोणालाही सुचला नाही. जे हवं ते उघड मागायचं, जे द्यायचं ते उघड द्यायचं किंवा नाकारायचं, असा तो झगडा होता.

आजच्या संस्थांनी तो पुन्हा उघडपणे झगडायला हवा. पंधरा हजारांच्या मानधनाचा अभिमान बाळगणारी आणि त्याचबरोबर घरखर्चाचा निम्मा भाग 'संकीर्ण' या सदरात सामावून घेणारी संस्था कोणाचंही भलं करत नाही. प्रमुखाला पन्नास हजार लागत असतील तर कार्यकारिणीने, प्रमुखाला बैठकीतून बाहेर बसवून, इतर संस्थांमध्ये अशा कामाला काय दिलं जातं ते पाहून पन्नास हजारांचा ठराव करावा, तो इतिवृत्तात लिहावा आणि वार्षिक अहवालात छापावा. देणगीदारांपैकी कोणी नाक मुरडेल. मुरडू द्यावं. अमेरिकेत अ‍ॅरॅमनी प्रकरणानंतर, १९९६ साली, जो कायदा झाला, त्याने नेमकी हीच वाट दाखवली. हितसंबंध नसलेल्या सदस्यांनी, तुलनेची माहिती समोर ठेवून, निर्णयाची नोंद करून मेहनताना ठरवला असेल, तर तो वाजवी असल्याचं गृहीत धरलं जातं. आणि वाजवीपेक्षा जास्त लाभ कोणी घेतला, तर त्या जादा रकमेवर २५ टक्के कर, मुदतीत तो परत केला नाही तर २०० टक्के. तो लाभ जाणूनबुजून मंजूर करणाऱ्या व्यवस्थापकांवरही त्या कायद्याने १० टक्के कर बसवला. घेणाऱ्याबरोबर सही करणाऱ्यालाही जबाबदार धरण्याचं हे पाऊल मला फार शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडचा कायदाही काही दुबळा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०चा, त्यात नोंदणीकृत न्यासाच्या हिशोबांचं लेखापरीक्षण बंधनकारक आहे, आणि अनियमित, बेकायदेशीर किंवा अनुचित खर्च झाला असेल, पैसा वाया गेला असेल, तर ती प्रकरणं लेखापरीक्षकाने अहवालात नमूद करायची आहेत. 'अनुचित' हे कायद्याने इतकं स्पष्ट म्हटलं आहे की बेकायदेशीर नसलेल्या पण न शोभणाऱ्या खर्चाकडेही बोट दाखवता येतं. कलम ४१ड खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्ताला निलंबित करू शकतात, काढून टाकू शकतात. आयकर कायद्यातही संस्थापक, विश्वस्त आणि त्यांच्या नातेवाइकांना संस्थेच्या पैशाचा लाभ दिला गेला तर करसवलतीवर गदा येते. अडचण पुढे आहे. छोट्या संस्थेचा लेखापरीक्षक बहुधा भाऊंचा जुना स्नेही असतो, सवलतीच्या फीमध्ये, कधी फुकट, 'आपलीही थोडी सेवा' म्हणून काम करणारा. मार्च संपल्यावर व्हाउचरच्या फायली त्याच्या कचेरीत जातात, त्याचा मदतनीस बेरजा जुळवतो, आणि अहवालात ठरावीक वाक्यं उतरतात. कार्यकारिणीने दर काही वर्षांनी लेखापरीक्षक बदलावा, त्याला पूर्ण फी द्यावी आणि प्रमुखाचे खर्च वेगळे काढून पाहायला लेखी सांगावं. फुकट मिळालेलं लेखापरीक्षण संस्थेला फार महाग पडतं.

याहून अवघड, आणि फार कमी बोललं जाणारं कारण दुसरंच आहे. संस्थांना खोटं बिल करायला पहिल्यांदा शिकवतो तो देणगीदार. प्रकल्पाला पैसे मिळतात, पण कचेरीच्या भाड्याला नाही, हिशोबनिसाच्या पगाराला नाही, नादुरुस्त जीपला नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०मध्ये दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली, तेव्हापासून हा ताण आणखी वाढला. मग भाडं 'प्रशिक्षण केंद्र' म्हणून दाखवलं जातं, हिशोबनीस 'क्षेत्र समन्वयक' होतो, जीपचा टायर 'आरोग्य शिबिरा'त जातो. यात कोणी पैसे खात नाही. सगळे मिळून, संस्था जगावी म्हणून, एका सदरातला खर्च दुसऱ्या सदरात टाकतात. पण या सवयीने नोंद आणि वास्तव यांच्यातला सांधा एकदा निखळला, की तो फक्त चांगल्या हेतूंसाठी निखळलेला राहत नाही. ज्या हिशोबनिसाने भाऊंच्या सांगण्यावरून, संस्थेच्या भल्यासाठी, शंभर व्हाउचरं बदलून लिहिली, त्याला एकशे एकावं व्हाउचर भाऊंच्या पुतण्याच्या लग्नाचं आहे म्हणून अडवण्याचा अधिकार उरत नाही. तो भाऊंना सोयीचा झालेला असतो आणि भाऊ त्याला. प्रमुखाच्या बिलांविषयी बोलणाऱ्या देणगीदारांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या नमुन्यातली ती रिकामी ठेवलेली सदरं आधी पाहावीत.

चांगल्या हेतूचा प्रश्न २०११मध्ये सगळ्या देशासमोर आला होता. किरण बेदी तेव्हा भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या अग्रभागी होत्या. शौर्यपदकामुळे त्यांना विमान प्रवासात मोठी सवलत मिळत असे, पण त्या भाषणांना बोलावणाऱ्या यजमान संस्थांकडून पूर्ण, काही वेळा वरच्या वर्गाचं भाडं घेत, हे 'इंडियन एक्स्प्रेस'ने उजेडात आणलं. वाचलेली रक्कम आपल्या संस्थेच्या कामासाठी जाते, स्वतःसाठी एक पैसाही घेतला नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि जादा घेतलेले पैसे परत करण्याची तयारी दाखवली. पैसे स्वतःच्या खिशात गेले नाहीत, हा खुलासा आपण खरा मानू. तरीही ज्या यजमान संस्थेने भाडं दिलं, तिला वाटलं की आपण भाडं देतो आहोत. ती देणगी देत होती हे तिला माहीत नव्हतं. देणगी मागितली असती तर कदाचित जास्तही मिळाली असती. बिल म्हणजे घडलेल्या गोष्टीचं निवेदन असतं, आणि ते निवेदन चुकीचं असेल तर पैसे कुठे गेले याने ते बरोबर होत नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात 'स्वतःसाठी घेतलं नाही' हे वाक्य शेवटचं उत्तर मानलं जातं. संस्थांच्या बाबतीत ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, इतकंच.

मग प्रत्यक्षात बिल समोर आलं तर करायचं काय? आधी बिलाविषयी बोलायचं, माणसाविषयी नाही, आणि ते लवकर बोलायचं. 'भाऊ, सहा दिवसांचं गाडीभाडं लावलंय, बैठक दोन दिवसांची होती, बाकीचे चार दिवस तुमचे खासगी का?' हा प्रश्न अध्यक्षांनी आठवड्याच्या आत, समोरासमोर विचारावा. शंभरातल्या नव्वद वेळा भाऊ म्हणतील, 'अरे हो, वेगळं काढायचं राहिलं.' ते पैसे भरतील, पावती फाटेल, विषय संपेल. त्यात कोणाची बदनामी नाही. खासगी आणि संस्थेचं एकाच प्रवासात मिसळणं हे ग्रामीण भागात काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात अटळ असतं, त्यासाठी त्याला गुन्हेगार ठरवणारी कार्यकारिणी स्वतः कधी गावात राहिलेली नसते. पावती नाही, कच्चं बिल आहे, तारीख चुकली, हेही अटळ. त्यावर नियम हवा, तोही साधा. अमेरिकी करनियमांत साठ दिवसांत खर्चाचा तपशील आणि १२० दिवसांत उरलेली उचल परत, अशी सोपी मुदत आहे. आपल्याकडे तीन-तीन वर्षं उचल खात्यावर लोंबकळत राहते आणि मार्चमध्ये एका रात्रीत पन्नास व्हाउचरं एकाच पेनाने लिहून ती मिटवली जाते. त्या रात्री बसून संस्थेतला प्रत्येक तरुण कार्यकर्ता काहीतरी शिकत असतो.

उरलेल्या दहा वेळांमध्ये उत्तर मिळत नाही, राग मिळतो. किंवा खुलासा येतो आणि तो खोटा निघतो, किंवा हॉटेलची पावती त्या हॉटेलचीच नसते. इथे रीत बदलली पाहिजे. खोटी पावती आणि राहून गेलेली पावती यांच्यात प्रमाणाचा फरक नाही, जातीचा फरक आहे, आणि रक्कम बाराशे असो की बारा लाख, त्याने ती जात बदलत नाही. त्या दिवशी मागच्या तीन वर्षांच्या फायली कचेरीतून हलवून खजिनदाराच्या ताब्यात घ्याव्यात, हिशोबनिसाला लेखी कळवावं की त्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही, आणि बाहेरच्या, भाऊंशी संबंध नसलेल्या सनदी लेखापालाकडे काम सोपवावं. त्या काळात भाऊंना आर्थिक सह्यांपासून दूर ठेवावं. त्यांना आपलं म्हणणं मांडायला पूर्ण संधी द्यावी, तीही लेखी. चौकशी होईपर्यंत गावात कुजबुज होईल, पण ती चौकशी न केल्यामुळे होणाऱ्या कुजबुजीपेक्षा लवकर थांबते.

उघडपणाला मर्यादाही हवी. गांधीजी हिशोबाच्या बाबतीत किती काटेकोर होते हे सर्वांना माहीत आहे. १८९४मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केल्यापासून सार्वजनिक पैशाची पावती फाडण्याचा त्यांचा नियम होता. १९२९मध्ये त्यांनी 'नवजीवन'मध्ये एक लेख लिहून आश्रमातल्या काही गोष्टी जगासमोर मांडल्या, त्यांतल्या दोन अशा : एका जवळच्या नातेवाईक कार्यकर्त्याने केलेल्या लहानसहान चोऱ्या, आणि कस्तुरबांनी भेटीदाखल मिळालेले काही पैसे, शेवटी चार रुपये, आश्रमात जमा न करता स्वतःजवळ ठेवले, ते. तो लेख मला दोन्ही अंगांनी अस्वस्थ करतो. आपल्याच घरापासून नियम लागू करण्याचं ते धैर्य आजच्या किती संस्थाप्रमुखांकडे आहे? आणि तरी, चार रुपयांसाठी एका वृद्धेची चूक वर्तमानपत्रातून जाहीर व्हावी, हे मला कठोर वाटतं. चार रुपये शांतपणे जमा करून घेणारी, त्याची नोंद आश्रमाच्या वहीत ठेवणारी एखादी समिती तिथे असती, तर न्याय झाला असता आणि मानही राहिला असता. सगळा नैतिक भार एका महात्म्याच्या सद्सद्विवेकावर होता, म्हणून शिक्षाही त्याच्याच लेखणीतून निघाली. समिती असते ती याच्यासाठी : सौम्य राहूनही ठाम राहता यावं यासाठी.

पण सौम्यपणाच्या नावाखाली आपल्याकडे जे प्रत्यक्षात होतं ते वेगळंच. अपहार सिद्ध झालेला असतो. 'संस्थेचं नाव जाईल' म्हणून भाऊंना प्रकृतीच्या कारणाने राजीनामा द्यायला सांगितलं जातं. शाल-श्रीफळ होतं, गौरवग्रंथाची घोषणा होते, आणि वर्षभरात भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या संस्थेचे मार्गदर्शक होतात. ज्या हिशोबनिसाने फायली दाखवल्या, तो मात्र 'वातावरण बिघडवणारा' ठरून बाहेर पडलेला असतो, आणि कोणतीही संस्था त्याला घ्यायला कचरते. या व्यवहारात संस्थेने आपलं नाव वाचवलेलं नसतं. आपली अडचण तिने पुढच्या संस्थेकडे आणि तिच्या लाभार्थ्यांकडे सरकवलेली असते.

'युनायटेड वे'मध्ये बातमी फुटल्यानंतर गावोगावच्या शाखांनी मध्यवर्ती कचेरीला द्यायचा वाटा रोखला. या शाखा स्वतंत्र होत्या, त्यांचा कॉन्कॉर्डशी काडीचाही संबंध नव्हता, पण नाव एकच असल्याने जाब त्यांनाच विचारला गेला. मध्यवर्ती कचेरीतले कर्मचारी कमी करावे लागले. नव्या प्रमुख म्हणून आलेल्या इलेन चाओ यांनी आधीच्या सुमारे निम्म्या पगारावर काम सुरू केलं आणि खर्चाच्या मंजुरीचे नियम बांधले. विश्वास परत मिळवण्यात वर्षं गेली. अ‍ॅरॅमनींनी जे वाढवलं होतं त्यातलं पुष्कळसं टिकलं, कारण ते त्यांच्या एकट्याचं कधीच नव्हतं, पगारातून थोडीथोडी रक्कम देणाऱ्या लोकांचं होतं.

म्हणून वसुली झाली की ती लपवू नये. परत मिळालेली रक्कम हिशोबात वेगळ्या सदराखाली दाखवावी, वार्षिक अहवालात दोन ओळींत लिहावं की अमुक वर्षांत प्रमुखांच्या खर्चांत इतक्या रकमेची अनियमितता आढळली, इतकी वसूल झाली, इतकी बाकी आहे, आणि मंजुरीची पद्धत अशी अशी बदलली. ज्या देणगीदाराच्या पैशाला हात लागला, त्याला अहवाल छापला जाण्याआधी पत्र जावं. खोट्या पावत्या असतील तर धर्मादाय आयुक्तांना आणि पोलिसांना कळवण्याचा निर्णय कार्यकारिणीने मतदान घेऊन करावा, कोण कोणत्या बाजूने होतं ते इतिवृत्तात लिहावं. आणि ज्या सदस्यांनी त्या बिलांवर सह्या केल्या होत्या, त्यांनी पुढच्या निवडणुकीला उभं राहू नये, मग ते कितीही मोठे असोत.